जुनी गाडी घेण्याआधी इंजिनाची पारख कशी करावी?

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. येत्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी चारचाकी आणायचे आम्ही ठरवले आहे. नवी गाडी परवडणारी नाही, म्हणून जुनीचा शोध चालू आहे. चाळीसगावात एका गृहस्थांकडे २०१६ सालची डिझेल हॅचबॅक आहे. मालक एकच, मीटरवर ८२,००० किलोमीटर आणि मागणी ४ लाख १० हजारांची आहे. रंग, टायर आणि आतली बैठक पाहून घरच्यांनी पसंती कळवून टाकली आहे. मी अडलो आहे तो इंजिनापाशी. बैलाच्या तोंडात हात घालून त्याचे वय सांगणारी माणसे आमच्या घरात होती, परंतु बॉनेट उघडल्यावर काय पाहायचे हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही.

मी गाडी पाहायला गेलो तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. मालकांनी मला ऊन लागू नये म्हणून गाडी आधीच चालू करून एसी लावून ठेवली होती. गाडी गावात फिरवली, तर आवाज शांत वाटला आणि धूर दिसला नाही. तरीही एवढ्यावर चार लाखांचा व्यवहार करायला मन धजत नाही. माझ्यासारख्या अनभिज्ञ माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी, कानांनी आणि हातांनी काय काय तपासता येईल, मिस्तरीला सोबत नेले तर त्याला नेमके काय करायला सांगावे आणि कॉम्प्रेशन टेस्ट करून घेणे आवश्यक आहे का, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

पांझरा

सर्वांत आधी एक विनंती करतो. तपासणी पुरी होईपर्यंत विसार देऊ नका, मग ती रक्कम पाच हजारांची का असेना. एकदा विसार दिला की आपले डोळे गाडीतले दोष पाहायचे सोडून तिची बाजू घ्यायला लागतात.

मिस्तरी१९

गिरणाकाठ भाऊ, जळगावात माझे स्वतःचे गॅरेज आहे आणि या कामात मला बावीस वर्षे झाली. तुमच्या मजकुरातली मला खटकलेली गोष्ट म्हणजे आधीच चालू करून ठेवलेली गाडी. मालकांचा हेतू चांगलाही असेल, परंतु इंजिनाची खरी अवस्था ते रात्रभर थंड राहिल्यानंतरच्या पहिल्या सेल्फला कळते. पिस्टनच्या घासलेल्या रिंगा, कमजोर इंजेक्टर, सैल झालेली टायमिंग चेन आणि कडक झालेले व्हॉल्व्ह सील यांचे दोष थंड इंजिनात उघडे पडतात. तेच इंजिन अर्धा तास चालले की धातू प्रसरण पावून फटी भरून येतात आणि बरेचसे आवाज व धूर दबतात.

आपल्या भागात यात आणखी एक अडचण आहे. पुण्याकडची मंडळी सांगतात की बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड आहे का ते पाहावे. जळगाव-भुसावळात पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटवर हातच ठेववत नाही, तेव्हा त्यावरून काहीच ठरवता येणार नाही. शिवाय उन्हाळ्यातल्या दुपारी कमजोर डिझेल इंजिनसुद्धा अर्ध्या सेल्फला चालू होते. डिसेंबरच्या पहाटे जे दोन-तीनदा सेल्फ मारायला लावते, ते वैशाखात शहाण्यासारखे वागते. म्हणून गाडी पाहायला पहाटे साडेपाच-सहाला जा, आदल्या रात्रीच मालकांना 'मी येईपर्यंत गाडी चालू करू नका' असे सांगून ठेवा, आणि पोहोचल्याबरोबर रेडिएटरचा वरचा रबरी होज हाताने चाचपा. तो गार लागला तरच पुढे चला.

मग गेज, म्हणजे ऑईल मोजायची पट्टी, काढून ऑईलची पातळी पाहा आणि त्याचा वास घ्या. ऑईल टाकायचे झाकण उघडून त्याची आतली बाजू बोटाने पुसा. तिथे चहावरच्या सायीसारखा पांढरट तपकिरी थर असेल, तर ऑईलमध्ये पाणी जाते आहे अशी शंका घ्यावी. कूलंटचे झाकण थंड इंजिनावरच उघडावे, गरम असताना त्याला हात लावू नये, कारण आतले पाणी दाबाखाली असते आणि उसळून तोंड भाजते. हे सगळे बघून झाल्यावर चावी फिरवा, पण लगेच सेल्फ मारू नका. डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा आणि ऑईल प्रेशरचा दिवा लागतो का ते पाहा. हे दिवे चावीला लागले पाहिजेत आणि गाडी चालू झाल्यावर विझले पाहिजेत. चावीला जो दिवा लागतच नाही, तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

सेल्फ मारताना एक माणूस सायलेन्सरच्या मागे उभा ठेवा. निळसर धूर म्हणजे ऑईल जळते आहे. तो फक्त चालू करताना भपकन येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील, आणि रेस केल्यावर सतत येत राहिला तर रिंगा किंवा टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा). काळा धूर म्हणजे डिझेल जास्त जाते आहे किंवा हवा कमी पडते आहे, त्याचे कारण कधी कधी चोंदलेल्या एअर फिल्टरएवढे साधे निघते. दाट पांढरा धूर, ज्याला गोडसर वास येतो आणि जो इंजिन गरम झाल्यावरही थांबत नाही, तो कूलंटचा असतो. हिवाळ्याच्या सकाळी दिसणारी पातळ वाफ मात्र निरुपद्रवी आहे.

शेवंती

मिस्तरी दादांचे म्हणणे किती खरे आहे ते मी पैसे मोजून शिकले आहे. मी अमळनेरहून धुळ्याला रोज नोकरीसाठी जाते. चार वर्षांपूर्वी एका कार बाजारातून पेट्रोल गाडी घेतली. आम्ही गेलो तेव्हा गाडी नुकतीच धुऊन आणली होती, इंजिनावरही चमक येणारे काहीतरी मारलेले होते आणि ते गरम होते. इंजिन इतके स्वच्छ पाहून मला समाधान वाटले. वास्तविक तेव्हाच प्रश्न पडायला हवा होता, कारण धुतलेल्या इंजिनावर गळतीचा माग राहत नाही.

पहिले दोन महिने काही जाणवले नाही. मग सर्व्हिसिंग झाले, पुस्तिकेत सांगितलेले पातळ ऑईल पडले आणि दुसऱ्या आठवड्यापासून सायलेन्सरमधून निळा धूर दिसू लागला. मिस्तरींनी सांगितले की विकणाऱ्याने फार जाड ऑईल भरले असणार, त्यामुळे घासलेल्या रिंगांमधून ते वर चढत नव्हते आणि टॅपेटचा आवाजही दबला होता. गाडी सातशे किलोमीटरला एक लिटर ऑईल खात होती. हेड उघडून रिंग-पिस्टन बदलण्यापर्यंत ४८,००० रुपये गेले आणि तीन आठवडे मला एस. टी. ने जावे लागले. विकणाऱ्याचे उत्तर एवढेच होते की गाडी 'जशी आहे तशी' दिली होती.

म्हणून मी सुचवेन की मालकांना शेवटच्या सर्व्हिसिंगचे बिल मागा आणि त्यावर ऑईलचा ग्रेड काय लिहिला आहे ते पाहा. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० सांगितले असेल आणि बिलावर त्याहून जाड २०डब्ल्यू-५० दिसत असेल, तर त्याचे कारण विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

यंत्रवेडा

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, मात्र मला मोजमापाचा आग्रह धरायचा आहे. आवाज आणि धूर यांवरून अनुभवी माणसाला अंदाज येतो, परंतु दोन अनुभवी माणसांचे अंदाज वेगळे निघाले तर खरेदीदाराने कोणाचे ऐकावे?

कॉम्प्रेशन टेस्टमध्ये प्रत्येक सिलिंडरचा दाब गेजवर मोजतात. पेट्रोल इंजिनात तो साधारण १५० ते १९० पीएसआयच्या दरम्यान आणि डिझेलमध्ये साधारण ३५० ते ४५० पीएसआय असतो, तरी त्या त्या इंजिनाचा आकडा कंपनीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. आकड्याइतकेच महत्त्व सिलिंडरांमधल्या फरकाला आहे. चारही सिलिंडर एकमेकांच्या दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असावेत. पेट्रोल इंजिनात एखादा कमी निघाला तर त्यात चमचाभर ऑईल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा घासल्या आहेत असे समजावे, आणि तो तेवढाच राहिला तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांमधल्या पातळ पत्र्यात) शोधावा.

दुसरी गोष्ट स्कॅनरची. एप्रिल २०१३ नंतरच्या भारत स्टेज ४ (प्रदूषणाचा सरकारी निकष) गाड्यांना ओबीडी-२ चे सॉकेट असते, ते बहुधा स्टिअरिंगच्या खाली सापडते. हजार-दीड हजारांचा ब्लूटूथ स्कॅनर लावून साठलेले दोष-कोड मोबाईलवर वाचता येतात. विकण्याआधी कोड पुसून टाकणारेही असतात, परंतु पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात आणि त्या 'अपूर्ण' दिसतात. अशी स्थिती आढळली तर कोड अलीकडेच पुसले गेले आहेत किंवा बॅटरी काढली गेली आहे, असा अर्थ होतो.

केळीबाग

यंत्रवेडा सर, आपला आदर राखून मतभेद नोंदवतो. रावेर-यावल पट्ट्यात आमच्या केळीच्या मालवाहू गाड्या धरून मी आजवर अकरा जुनी वाहने घेतली आहेत, आणि एकाचीही कॉम्प्रेशन टेस्ट झालेली नाही. डिझेलची टेस्ट करायची तर ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढावे लागतात. कोणता मालक अनोळखी माणसाला आपल्या चालू गाडीचे इंजेक्टर काढू देईल? काढताना एखादा तुटला तर भरपाई कोण देणार?

आमची पद्धत साधी आहे. गाडी स्लोवर, म्हणजे रेस न देता, चालू ठेवून ऑईलचे झाकण उघडायचे आणि ते उलटे करून त्याच तोंडावर नुसते ठेवायचे. इंजिन चांगले असेल तर झाकण थरथरते, पण जागेवर राहते. रिंगा गेलेल्या असतील तर खालून येणारी वाफ त्याला उडवते, झाकण नाचते किंवा पडते, आणि तोंडातून रेल्वेच्या इंजिनासारखी फुकफुक दिसते. याला आम्ही बॅक कॉम्प्रेशन म्हणतो. गेजची पट्टी थोडी वर उचलून तिथूनही ऑईलचे शिंतोडे येतात का ते पाहावे. डिझेलमध्ये थोडी फुंक असतेच, तिला घाबरून चांगली गाडी सोडू नये.

आणखी एक गैरसमज दूर करतो. डिझेल गाडीचे ऑईल काळे दिसले म्हणून इंजिन वाईट ठरत नाही. नवे ऑईल भरून दोनशे किलोमीटर चालवले तरी काजळीमुळे ते काळे होते. बोटांवर घेऊन चोळावे, त्यात बारीक कण टोचतात का आणि उजेडात धातूची चमक दिसते का, एवढे पाहावे.

मिस्तरी१९

केळीबाग अण्णा आणि यंत्रवेडा सर, आपल्या दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मी गिऱ्हाइकासोबत जातो तेव्हा झाकण, धूर, आवाज, होज आणि रस्ता या क्रमाने जातो. यांपैकी एका ठिकाणी शंका आली तरच मालकाच्या संमतीने आणि खरेदीदाराच्या खर्चाने मोजमाप करतो. पेट्रोल गाडीत प्लग काढणे सोपे असल्यामुळे कॉम्प्रेशन टेस्ट जरूर करावी. कॉमन रेल डिझेलमध्ये मात्र मी आधी इंजेक्टरचा रिटर्न बघतो. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्न पाइपला छोटी बाटली लावून गाडी काही मिनिटे स्लोवर ठेवायची. ज्याच्या बाटलीत बाकीच्यांपेक्षा बरेच जास्त डिझेल जमते, तो इंजेक्टर घासलेला असतो. यात इंजेक्टर जागचा हलवावा लागत नाही आणि खर्चाचा अंदाज लगेच येतो.

टर्बोसाठी इंटरकूलरचा होज जिथे जोडला आहे तिथे हात फिरवा. किंचित तेलकटपणा चालतो, ऑईल साचलेले चालत नाही.

अनेर

धाग्यात अजून कोणी उन्हाळ्यातल्या हीटिंगवर बोलले नाही म्हणून लिहितो. आपल्या खानदेशात अनेक मिस्तरी थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढूनच टाकतात. माझ्या गाडीचा पाच वर्षांपूर्वी काढला आहे, आणि शिरपूर-चोपडा-शहादा अशी सगळी धावपळ करूनही काटा कधी वर गेला नाही. माझ्या मते तो भाग आपल्या हवामानात अनावश्यक आहे, आणि काढलेला आढळला तर त्याला दोष मानू नये.

यंत्रवेडा

अनेर भाऊ, या मताशी मी असहमत आहे. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतो, आणि तोपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. इंजिन लवकर आपल्या योग्य तापमानाला यावे आणि तिथेच राहावे हे त्याचे काम आहे. तो काढला की हायवेवर इंजिन गरजेपेक्षा थंड चालते, इंधन जास्त जाते, ऑईलमधला ओलावा उडून जात नाही आणि झीज वाढते. बाहेर पंचेचाळीस अंश असले तरी इंजिनाला हवे असलेले तापमान त्याच्या दुप्पट आहे, हे लक्षात घ्या.

मिस्तरी१९

मी यात एक भर घालतो, कारण खरेदीदाराच्या दृष्टीने हा मुद्दा फार मोलाचा आहे. थर्मोस्टॅट काढला का, यापेक्षा तो का काढला, हा खरा प्रश्न आहे. पुष्कळदा रेडिएटर चोंदलेला असतो, बोअरचे पाणी भरून भरून आत क्षारांचा थर बसलेला असतो, किंवा हेड गॅस्केट कमजोर झालेले असते. गाडी हीट मारू लागते, मालकाला खर्च नको असतो, आणि मग व्हॉल्व्ह काढून तात्पुरते भागवले जाते. मूळ रोग तसाच राहतो.

हे ओळखायची युक्ती हाताची आहे. थंड गाडी चालू करून वरच्या होजवर हात ठेवा, फॅनपासून बोटे जपा. थर्मोस्टॅट जागेवर असेल तर काटा मधे येईपर्यंत होज जवळपास गारच राहतो आणि मग थोड्याच वेळात एकदम तापतो. तो पहिल्या दोन-तीन मिनिटांपासून हळूहळू कोमट होत गेला, तर व्हॉल्व्ह काढलेला आहे किंवा उघडा अडकला आहे. आणि गाडी पुरती गरमही झालेली नसताना होज दाबून दगडासारखा लागला, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आहे अशी शंका घ्या.

भुसावळकर

पीयूसीची जुनी प्रमाणपत्रे असतील तर ती मागून घ्या, लोक ती टाकून देतात हे दुर्दैव आहे. डिझेल गाडीच्या प्रमाणपत्रावर धुराचा आकडा छापलेला असतो. भारत स्टेज ४ डिझेलसाठी मर्यादा प्रतिमीटर १.६२ आणि त्याआधीच्या गाड्यांसाठी २.४५ आहे. ओळीने तीन वर्षांचे आकडे चढत गेलेले दिसले तर इंजेक्टर आणि हवेचा मार्ग नीट तपासायला सांगावे. तपासणी प्रामाणिकपणे झाली असेल तरच या आकड्यांना अर्थ आहे, म्हणून शक्य असल्यास आपल्यासमोर नव्याने पीयूसी काढून घ्यावी.

नंदनगरी

नंदुरबारकडे गुजरात पासिंगच्या गाड्या पुष्कळ येतात. २००६ सालच्या ऑगस्टमध्ये तापीच्या पुराने सुरत बुडाले, त्यानंतर माझ्या काकांनी तिकडची एक गाडी स्वस्तात घेतली होती. सहा महिन्यांत तिचे इंजिन जाम झाले, कारण एका कनेक्टिंग रॉडला बाक आला होता. पाणी सिलिंडरमध्ये असताना कोणीतरी सेल्फ मारला असावा. तेव्हापासून आम्ही कोणतीही गाडी घेताना मागच्या सीटखालचा गालिचा उचलतो, स्टेपनीच्या खड्ड्यात बोट फिरवतो आणि सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का ते पाहतो.

इंजिन नंबर आणि चासी नंबर आरसी बुकाशी ताडून पाहायलाही विसरू नका. इंजिन बदललेले असेल आणि त्याची नोंद परिवहन कार्यालयात नसेल, तर नाव चढवताना अडचण येते.

लळिंग

विषय डिझेलचा आहे, तरी कोणी सीएनजीवाली गाडी पाहत असेल तर तिच्यासाठी दोन ओळी लिहितो. किट बाहेरून बसवलेले असेल तर आरसीवर त्याची नोंद हवी, आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट झालेली हवी. सीएनजी कोरडा जळतो, त्यामुळे व्हॉल्व्ह सीट लवकर घासतात. गाडी पेट्रोलवर आणि गॅसवर, दोन्हींवर थंड असतानाच चालू करून पाहा आणि मिसिंग, म्हणजे इंजिन मधेच अडखळते का, ते ऐका.

आणि चाळीसगावची गाडी असेल तर कन्नड घाटाइतकी चांगली परीक्षा दुसरी नाही. गावातल्या सपाट रस्त्यावर इंजिनाला कामच पडत नाही.

गिरणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. एवढ्या आपुलकीने कोणी लिहील असे वाटले नव्हते. मालकांशी फोनवर बोललो. त्यांनी रविवारी पहाटे यायला आणि घाटापर्यंत गाडी न्यायला आनंदाने होकार दिला आहे. पाचोऱ्यातले आमच्या ओळखीचे मिस्तरी सोबत येणार आहेत. तपासणी झाल्यावर इथेच लिहीन.

शेवंती

बॅटरी (टॉर्च), जुने फडके आणि पांढरा कागद सोबत न्या. कागद सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर दूर धरला की त्यावर ऑईलचे तेलकट ठिपके उमटतात का ते दिसते.

गिरणाकाठ

आम्ही रविवारी सकाळी सहाला पोहोचलो. वरचा होज गार होता, म्हणजे मालकांनी शब्द पाळला होता. झाकणाच्या आत साय नव्हती. ऑईल काळे होते, पण बोटांवर मऊ लागले. कूलंटच्या डब्यात मात्र हिरवे किंवा गुलाबी काही नव्हते, विटकरी रंगाचे साधे पाणी होते. अर्ध्या सेल्फला गाडी चालू झाली. धूर दिसला नाही आणि ताईंनी सांगितलेला कागद कोरडाच राहिला. केळीबाग अण्णांच्या पद्धतीने झाकण उलटे ठेवले, तर ते चाळणीतल्या दाण्यासारखे हलत राहिले, पण पडले नाही. इथवर मी मनातल्या मनात आखाजीची पूजा मांडून बसलो होतो.

मग मी होजवर हात ठेवला. दुसऱ्या मिनिटाला तो कोमट लागला, पाचव्या मिनिटाला चांगला उबदार झाला, आणि काटा अजून तळाशीच होता. मी मिस्तरींकडे पाहिले आणि त्यांनी मालकांकडे. मालक काही बोलण्याआधी त्यांचा मुलगाच सांगून मोकळा झाला की मागच्या मे महिन्यात गाडी हीट होत होती, म्हणून गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह काढून टाकला. मालकांनीही ते लगेच मान्य केले. ते लपवण्यासारखे आहे असे त्यांना वाटले नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होते.

नंतर आम्ही घाट चढलो. एसी बंद असताना काटा मधोमध राहिला. एसी लावून पुन्हा चढवली तेव्हा वरच्या वळणांवर तो मध्याच्या पुढे सरकू लागला. थांबून होज दाबला, तर बोट रुतेना. तासाभराहून अधिक वेळ गाडी थंड होऊ दिली, झाकण उघडून इंजिन चालू केले आणि मिस्तरींनी मला आत वाकून पाहायला सांगितले. पाण्यात बारीक बुडबुडे येत होते, एकामागून एक, न थांबता. त्यांच्या मते हेड गॅस्केटमधून दाब पाण्यात येतो आहे. हेड शाबूत असेल तर काम पंचवीस-तीस हजारांत होईल, ते तडकलेले निघाले तर खर्च कुठवर जाईल हे आज सांगता येणार नाही. मालक किमतीत ४०,००० कमी करायला तयार आहेत. मी काय करावे?

पांझरा

विसार दिलेला नाही ना? मग तुमचे हात मोकळे आहेत. गाडी सोडून द्या. आखाजी पुढच्या वर्षीही येईल.

केळीबाग

मी सोडा असे म्हणणार नाही. झाकण उडाले नाही, धूर नाही, कागद कोरडा, म्हणजे खालचे इंजिन निरोगी आहे. दोष वरच्या भागात आहे आणि तो दुरुस्त होणारा आहे. मात्र ४०,००० ची सूट आज घेणे म्हणजे बंद पोत्यातला माल घेण्यासारखे होईल.

यंत्रवेडा

मिस्तरींचे निदान पक्के करायचे असेल तर ब्लॉक टेस्टर वापरावा. कूलंटच्या तोंडावर बसवलेल्या नळीतले निळे द्रावण, सिलिंडरमधला जळालेला वायू त्यातून गेल्यास पिवळसर किंवा हिरवट होते.

मिस्तरी१९

अण्णांशी सहमत. मालक सरळ माणूस दिसतो, तर त्यांना सांगा की हेड त्यांच्या खर्चाने उघडावे, वर्कशॉपला पाठवून प्रेशर टेस्ट करून घ्यावी, आणि तडा नसेल व जाडी कंपनीच्या मापात असेल तरच फेस मारून, म्हणजे हेडची खालची बाजू मशीनवर घासून सपाट करून, नव्या गॅस्केटने बसवावे. फेस मारताना किती घासले ते विचारून लिहून घ्या. प्रत्येक इंजिनाच्या हेडला फेस मारलेला चालत नाही, हेही आधी पाहायला सांगा. रेडिएटर साफ करून घ्यावा, नवा थर्मोस्टॅट बसवावा आणि योग्य प्रमाणात कूलंट भरावे. हेड तडकलेले निघाले तर मालकांचे आभार मानून परत या.

गिरणाकाठ

आज अकरा दिवसांनी लिहितो आहे. मालकांनी हेड उघडायला होकार दिला. हेड जळगावच्या वर्कशॉपला गेले, प्रेशर टेस्टमध्ये तडा आढळला नाही. गॅस्केट दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधल्या अरुंद पट्टीवर जळलेले होते, ते मी स्वतः हातात घेऊन पाहिले. तिथे नखाएवढा काळा डाग आहे आणि त्याच्या कडेने पत्रा फाटला आहे. रेडिएटरमधून निघालेला पांढरा चुरा मिस्तरींनी मला एका वाटीत दाखवला.

काल पुन्हा पहाटे गेलो. होज काटा मधे येईपर्यंत गार राहिला आणि मग एकदम तापला. दुपारी मुद्दाम भर उन्हात, एसी लावून, चार माणसे बसवून घाट चढलो आणि काटा मधोमध राहिला. व्यवहार ३ लाख ९० हजारांना ठरला, दुरुस्तीचा खर्च मालकांचाच. विसार आज दिला.

मिस्तरी१९

अभिनंदन. आता ऑईल आणि फिल्टर लगेच बदलून घ्या, कारण हेड उघडताना थोडे पाणी खाली उतरलेले असते. पहिले हजार किलोमीटर दर सकाळी, गाडी चालू करण्याआधी, कूलंटची पातळी पाहा आणि डब्यावर पेनाने खूण करून ठेवा. ती खूण ओलांडून पातळी खाली जाताना दिसली, तर वाट न पाहता गाडी घेऊन गॅरेजला या.